जन्मतः साखर उतरली होती, आता बाळ दचकतं

प्रश्न: डॉक्टर, मी अमळनेर तालुक्यातून लिहिते आहे. थोरली लेक सुरतेला दिली आहे. तिचं पहिलं बाळंतपण रीतीप्रमाणे माझ्याकडे झालं. सातव्या महिन्यात सुरतेच्या सोनोग्राफीत बाळ थोडं लहान आहे असं लिहिलं होतं. आठव्यात ती माझ्याकडे आली, तेव्हा बीपी वाढलेलं निघालं आणि वारेतून रक्त कमी जातंय असं सांगितलं. सदतीस आठवडे भरल्यावर सिझर केलं. नातू 1 किलो 750 ग्रॅमचा. लेकीला टाक्यांमुळे उठून बसता येईना, दूध उतरेना, म्हणून बाळाला मधूनमधून चमच्याने पावडरचं दूध दिलं. दुसऱ्या रात्री बाळ मलूल झालं, हात थरथरायला लागले, ओठ निळे पडले. तेव्हा पहिल्यांदा साखर तपासली, ती 18 निघाली. रातोरात जळगावला नेलं. सहा दिवस काचेच्या पेटीत होतं, शिरेतून ग्लुकोज चालू होतं. आमच्या घरात कुणालाच शुगर नाही, मग बाळाला कशी आली? विहीणबाई म्हणतात, माहेरी पोटभर खाऊ घातलं नाही म्हणून पोर वाळलं. मला वेगळंच खातंय. आशाताईंचं ऐकून मी मध चाटवू दिला नाही. चाटवला असता तर साखर उतरली नसती ना? मेंदूला काही झालं असेल का? धाकटी लेक सहाव्या महिन्यात आहे, तिचंही असंच होईल का? बाकी बाळ बरं आहे, आता साडेचार महिन्यांचं झालं. आठ-दहा दिवसांपासून झोपेतून उठलं की दचकतं, एकामागून एक सात-आठ वेळा, मग रडतं. पोटात दुखत असेल. जावई परवा आले होते, म्हणाले, "पोऱ्या मन्हाकडे देखस नही." पुढच्या महिन्यात सुरतेला नेणार आहेत.

उत्तर: ताई, "बाकी बाळ बरं आहे" असं लिहून तुम्ही शेवटी ज्या दोन-तीन ओळी घातल्या आहेत, मला त्यांचीच सर्वांत जास्त काळजी वाटते. पत्र वाचलं त्याच दिवशी तुम्ही दिलेल्या नंबरवर निरोप ठेवला. इथे सविस्तर लिहिते, कारण असं बाळ खान्देशात आणखीही कुणाच्या घरी असेल आणि त्या घरीही कुणीतरी "पोटात दुखत असेल" म्हणत असेल.

लहान बाळ दचकतं, हे खरं. भांडं पडलं, दार आपटलं, कुणी एकदम उचललं की हात फाकवून दचकतं. पण त्या दचकण्याला बाहेरचं काहीतरी कारण लागतं, ते एकदाच होतं, आणि चार ते सहा महिन्यांच्या दरम्यान ती सवय जाते. तुमच्या नातवाचं उलट चाललं आहे. साडेचार महिन्यांना ते नव्याने सुरू झालं. आवाज नाही, धक्का नाही, झोपेतून उठल्या उठल्या होतं. आणि मालिकेत होतं: एक झटका, काही सेकंदांची उसंत, पुन्हा तसाच झटका. त्या वेळी मान पुढे झुकते का, दोन्ही हात एकदम फाकतात किंवा आवळले जातात का, गुडघे पोटाशी येतात का, हे बघा. येत असतील तर ही लहान बाळांच्या एका खास प्रकारच्या आकडीची लक्षणं असू शकतात. डॉक्टरी भाषेत तिला इन्फंटाइल स्पाझम म्हणतात. तोंडाला फेस येत नाही, अंग ताठ होऊन बाळ बेशुद्ध पडत नाही, म्हणून घरच्यांना ती आकडी वाटतच नाही. बहुतेक बाळांमध्ये ती पहिल्या वर्षात, त्यातही चौथ्या ते सातव्या महिन्याच्या आसपास सुरू होते.

मी नातवाला तपासलेलं नाही, त्यामुळे हे तेच आहे असं ठासून सांगणार नाही. पण तसं असण्याची शक्यता इतकी आहे की सुरतेला जाईपर्यंत थांबायचं नाही. या आकडीत उपचार जितके लवकर सुरू होतील तितका मेंदूच्या वाढीला फायदा होतो, आणि उशीर होत जाईल तसतसा तो फायदा कमी होत जातो. म्हणून या दोन-तीन दिवसांत एवढं करा. बाळ उठायच्या वेळेला मोबाइल तयार ठेवा आणि अख्खी मालिका चित्रित करा, चेहरा, हात आणि पाय तिन्ही दिसतील अशी. दवाखान्यात बाळ नेमकं त्या वेळी दचकेलच असं नसतं, आणि हा व्हिडिओ डॉक्टरांना तुमच्या दहा मिनिटांच्या वर्णनापेक्षा जास्त सांगतो. तो घेऊन जळगाव किंवा धुळ्याच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या बालरोग विभागात जा, किंवा तुमच्या माहितीत बालमेंदूतज्ज्ञ असतील तर थेट त्यांच्याकडे. बाळाचा ईईजी काढायला सांगा, झोपेतला आणि उठतानाचा दोन्ही. डोक्याला तारा चिकटवून मेंदूतल्या विजेच्या लहरींची नोंद घेतात, दुखत नाही, सुई नाही.

निदान पक्कं झालं तर एसीटीएचची इंजेक्शनं, तोंडावाटे प्रेडनिसोलोन किंवा व्हिगाबॅट्रिन नावाचं औषध, यांतलं काय द्यायचं ते डॉक्टर ठरवतील. पहिली दोन स्टेरॉइड उपचारातली आहेत. त्यांत बीपी आणि जंतुसंसर्गावर लक्ष ठेवावं लागतं, लसी कधी द्यायच्या ते विचारून घ्यावं लागतं, आणि बाळ फुगलंय म्हणून कुणीतरी सांगितलं तरी औषध मनाने एकदम बंद करायचं नसतं. हे शेवटचं पाठ करून ठेवा, कारण बाळ फुगल्याचं बघून घरोघरी हीच चूक होते.

दृष्ट काढायची असेल तर काढा, मीठ-मोहरी ओवाळल्याने बाळाला काही होत नाही. पण गाडीत बसायच्या आधी ओवाळा, तपासणीच्या ऐवजी नको. झटका येताना कांदा किंवा चप्पल हुंगवू नका, तोंडात पाणी घालू नका.

आता साखरेकडे येते, कारण या झटक्यांचा आणि त्या दुसऱ्या रात्रीचा संबंध असू शकतो. मुंबईच्या बालमेंदूतज्ज्ञांनी 2009 मध्ये इंडियन पेडिॲट्रिक्स या नियतकालिकात लिहिलं होतं की लहान वयात सुरू होणाऱ्या आकडीच्या रुग्णांमध्ये, ज्यांच्या मेंदूला आधीच इजा झालेली असते, जन्मानंतर साखर उतरणं हे एक मोठं कारण दिसतं. बालरोग विभागात काम करणाऱ्या कुणालाही याचं नवल वाटणार नाही.

"आमच्यात कुणाला शुगर नाही" असं तुम्ही लिहिलंत. बाळाला मधुमेह नाही, आणि नव्हताही. मधुमेहात रक्तातली साखर वाढते, बाळाची खाली गेली होती. प्रत्येक नवजात बाळाची साखर जन्मानंतर पहिल्या एक-दोन तासांत उतरते, कारण नाळेतून येणारा पुरवठा एकदम बंद होतो. भरल्या अंगाचं बाळ त्यातून स्वतः सावरतं. यकृतात साठवलेली साखर बाहेर काढतं, मग अंगावरच्या चरबीपासून कीटोन नावाचं दुसरं इंधन तयार करतं, तोवर आईचं दूध उतरतं.

तुमच्या नातवाकडे यातलं काहीच पुरेसं नव्हतं. यकृतातला साखरेचा साठा गर्भारपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत भरतो, आणि नेमकं त्याच काळात त्याला वारेतून रक्त कमी पडत होतं. चरबीही त्याच काळात चढते, तीही चढली नाही. आणखी एक गोष्ट अशा बाळांमध्ये होते. पोटात पुरवठा कमी पडायला लागला की बाळाचं शरीर बाकीच्या अवयवांचा वाटा कमी करून रक्त मेंदूकडे वळवतं. म्हणून अशा बाळांचं अंग सुकलेलं असतं, हातापायाची कातडी लोंबते, पण डोकं त्यामानाने मोठं दिसतं. तुम्हीही ते बघितलं असेल. मोठ्या माणसाचा मेंदू त्याच्या वजनाच्या शेकडा दोन भाग असतो. नवजात बाळात तो दहाव्या हिश्श्याहून जास्त, आणि अशा सुकलेल्या बाळात त्याचा वाटा आणखी वाढतो. मेंदूला मुख्यतः साखरच लागते. म्हणजे कणगीत दाणे मूठभर आणि जेवणारी पंगत मोठी, अशी अवस्था.

वर आणखी दोन-तीन गोष्टी. पोटात सोसलेल्या ताणामुळे यातल्या काही बाळांच्या अंगात इन्सुलिन गरजेपेक्षा जास्त तयार होतं. ते साखर खाली ओढतं आणि कीटोनही बनू देत नाही, म्हणजे मेंदूची दोन्ही इंधनं एकदम बंद. हे काही दिवस, कधी काही आठवडे चालतं. थंडी वाजली तर अंग गरम ठेवण्यात साखर जाते. काहींचं रक्त जास्त दाट असतं, त्यातही साखर जास्त खर्च होते. त्यामुळे वाढ खुंटलेल्या बाळाची साखर पहिल्या तासांत ठीक निघाली तरी दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी घसरू शकते.

मधाचं तुम्ही मनाला लावून घेतलं आहे, म्हणून हिशेबच मांडते. अशा बाळाला दर किलो वजनामागे दर मिनिटाला सहा ते आठ मिलिग्रॅम साखर लागते. 1 किलो 750 ग्रॅमच्या बाळाला दिवसाला किमान पंधरा ग्रॅम, आणि तीही चोवीस तास सारखी. बोटाला लागून जिभेवर जाणारा मध अर्धा ग्रॅम धरला, तरी त्यातला काही भाग पाणी असतो, आणि साखरेतला मोठा वाटा फ्रुक्टोजचा, तो मेंदूला सरळ वापरता येत नाही. तासभराचीही सोय त्यातून होत नाही. शिवाय मधातून बोट्युलिझम नावाचा आजार होऊ शकतो, म्हणून एक वर्षाच्या आत मध देत नाहीत. आशाताईंनी तुम्हाला बरोबर सांगितलं आणि तुम्ही बरोबर ऐकलंत. हे ओझं आता उतरवून ठेवा.

गोड द्यावं ही तुमची कल्पना मात्र वावगी नव्हती, ती मापाने आणि तपासणीसोबत द्यावी लागते इतकंच. न्यूझीलंडमध्ये 2013 साली झालेल्या अभ्यासानंतर चाळीस टक्के ग्लुकोजचं जेल बाळाच्या गालाच्या आतून चोळण्याची पद्धत अनेक देशांत आली. दर किलोला अर्धा मिलिलिटर जेल, लगेच आईचं दूध, आणि थोड्या वेळाने पुन्हा साखरेची तपासणी. ते लक्षणं नसलेल्या बाळासाठी आहे. थरथर, निळेपणा, मलूलपणा आला की शिरेतून ग्लुकोजच लागतं, आणि तेच जळगावला दिलं.

विहीणबाईंच्या म्हणण्याबद्दल. सातव्या महिन्यात सुरतेच्या सोनोग्राफीत बाळ लहान होतं, म्हणजे लेक तुमच्या उंबऱ्यात यायच्या आधीच वाढ मागे पडली होती. नंतर बीपी वाढलं. डॉपलरमध्ये, म्हणजे रक्ताचा प्रवाह बघणाऱ्या सोनोग्राफीत, वारेतला प्रवाह कमी दिसला. ही सगळी साखळी वारेची आहे. अशी वार आईने महिनाभर तूप-भात खाल्ल्याने सुधारत नाही, आणि सासरच्यांनी काही कमी केलं म्हणून बिघडतही नाही. आईचा अशक्तपणा, रक्त कमी असणं, मिश्री लावणं, तंबाखू यांनी बाळाचं वजन कमी होतं हे खरं, पण तुमच्या लेकीच्या कागदांत बीपीचं कारण लख्ख दिसतं आहे. सोनोग्राफीचे दोन्ही कागद एकत्र ठेवून जावयांना दाखवा, भांडणासाठी नव्हे. ते मुलाकडे बघून चिंतेत पडले आहेत आणि पोर आपल्याकडे बघत नाही हे त्यांनीच ओळखलं. तपासणीला त्यांना सोबत न्या.

आता तो 18 चा आकडा. आपल्याकडे नवजात बाळाची साखर 40 च्या खाली गेली की डॉक्टर हालचाल करतात, काही ठिकाणी 45 किंवा 47 धरतात. 18 ही फार खालची. पण मेंदूचं काय होणार ते एकट्या आकड्यावर ठरत नाही. किती वेळ खाली होती, किती वेळा गेली, आणि त्या वेळी लक्षणं होती का, हे त्याच्याइतकंच महत्त्वाचं. साखर संपत आली की मेंदूच्या पेशींची ऊर्जा संपते, त्यांच्यातून ग्लुटामेट नावाचं रसायन बेसुमार बाहेर पडतं, पेशी अतिउत्तेजित होतात आणि काही मरतात. थरथर, झटके, निळेपणा ही लक्षणं म्हणजे मेंदूपर्यंत झळ पोचल्याची खूण. तुमच्या बाळात ती होती. पहिल्या दिवशी तपासणीच झाली नाही म्हणून साखर किती तास खाली होती, ते कुणालाच सांगता येणार नाही.

मला याचा राग येतो, आणि तो लपवत नाही. 1 किलो 750 ग्रॅमचं, वाढ खुंटलेलं बाळ जन्मलं की दोन तासांनी टाचेतून रक्ताचा एक थेंब घ्यायचा, मग सहा, बारा, चोवीस, अठ्ठेचाळीस आणि बहात्तर तासांनी पुन्हा. हे आपल्या देशातल्या नवजात विभागांचं ठरलेलं वेळापत्रक आहे. मोठमोठी यंत्रं लागत नाहीत. ग्लुकोमीटर खेड्यातल्या औषधाच्या दुकानातही मिळतो.

अभ्यास काय सांगतात तेही ऐका, दोन्ही बाजूंनी. स्वित्झर्लंडमध्ये 1999 साली एक अभ्यास आला. दिवस भरण्याआधी जन्मलेली आणि त्यातही वाढ खुंटलेली बाळं त्यांनी पाच वर्षांची होईपर्यंत बघितली. ज्यांची साखर वारंवार उतरली होती, त्यांच्या डोक्याचा घेर लहान राहिला आणि ती चाचण्यांमध्ये मागे पडली. एकदा खूप उतरण्यापेक्षा पुन्हा पुन्हा उतरणं जास्त नडलं. दुसरीकडे न्यूझीलंडमध्ये जोखमीच्या बाळांवर जन्मापासून लक्ष ठेवलं, साखर 47 च्या वर राहील असे उपचार केले आणि ती मुलं मोठी होईपर्यंत पाठपुरावा केला. साडेचार वर्षांना काहींमध्ये लक्ष एकाग्र करणं, कामाचा क्रम लावणं, डोळा आणि हाताचा मेळ यांत उणेपणा दिसला. पण नऊ-दहा वर्षांना शाळेच्या अभ्यासात ती इतर मुलांच्या मागे नव्हती. अर्थात त्या बाळांवर वेळेत उपचार झाले होते, तेव्हा तो निकाल जसाच्या तसा तुमच्या नातवाला लावता येणार नाही. एवढं मात्र त्यातून घेता येतं की लहान मुलाचा मेंदू पुढे बरंच भरून काढतो, आणि पाचव्या महिन्यात कुणी "हे मूल असंच राहणार" म्हटलं तर त्यावर विश्वास ठेवू नका.

साखर उतरल्यामुळे इजा झाली, तर एमआरआयमध्ये ती बऱ्याचदा मेंदूच्या मागच्या भागात दिसते. डोळ्यांनी पाहिलेल्याचा अर्थ लावणारा भाग तिथेच असतो. म्हणून जावयांचं वाक्य मी झटक्यांच्या खालोखाल गंभीरपणे घेते. दोन महिन्यांचं बाळ आईच्या चेहऱ्याकडे बघून हसायला लागतं. साडेचार महिन्यांच्या बाळाने चेहऱ्यावर नजर रोखावी, रंगीत वस्तू हलवली तर तिच्यामागे डोळे फिरवावेत. कधी कधी डोळ्यांचे डॉक्टर सांगतात, डोळे अगदी चांगले आहेत, आणि तरी बाळ बघत नाही. कारण अडथळा डोळ्यांत नसून मेंदूच्या त्या मागच्या भागात असतो. ही नजर पुष्कळ मुलांमध्ये महिन्यामहिन्याने सुधारते, आणि सराव दिला तर जास्त. झटके चालू असतानाही बाळ नजर देईनासं होतं, तेव्हा ते थांबले की काही बाळं पुन्हा बघायला लागतात.

तर ईईजीसोबत डोळ्यांची तपासणी, कानांची तपासणी, डोक्याच्या घेराचं माप आणि डॉक्टर म्हणतील तेव्हा एमआरआय. त्याच दिवशी रक्तातली साखर एकदा बघायला सांगा. आता ती बहुधा ठीकच असेल, तरी खात्री झालेली बरी. जळगावच्या मुक्कामातलं डिस्चार्ज कार्ड, साखरेच्या नोंदींचा कागद, दोन्ही सोनोग्राफी आणि लसीचं कार्ड एका पिशवीत घालून न्या. एक वर्षापर्यंतच्या आजारी बाळावर सरकारी रुग्णालयात जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली मोफत उपचार होतात, आणि जिल्ह्याच्या ठिकाणच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात फिजिओथेरपी, नजर, ऐकणं, बोलणं यांवर एकाच ठिकाणी काम होतं. सुरतेलाही अशी केंद्रं आहेत. म्हणून गावाला जाताना इथल्या डॉक्टरांकडून पुढे पाठवण्याची चिठ्ठी घ्या, म्हणजे तिथे पहिल्यापासून सुरुवात करावी लागणार नाही.

घरी करण्यासारखं थोडंच सांगते. बाळाशी बोलताना तोंड त्याच्या तोंडापासून वीतभर अंतरावर ठेवा आणि मागे झगझगीत उजेड किंवा पसारा नको. लाल किंवा पिवळी एकच वस्तू, काळ्या कापडापुढे, हळूहळू डावीकडून उजवीकडे न्या आणि थांबा. त्याला नजर लावायला वेळ लागतो, म्हणून घाई करू नका. दिवसातून पाच-सहा वेळा, दोन-दोन मिनिटं पुरे. जागं असताना पोटावर निजवा. अंगावरचं दूध चालू ठेवा, वरचं अन्न सहा महिन्यांनंतर. बुद्धी यावी म्हणून वेखंड किंवा बदाम उगाळून चाटवायचा आग्रह होईल, तो मोडून काढा. वेखंडाने मेंदू भरत नाही आणि सहाणेवरून पोटात जंतू जातात.

लेकीशी बोला. पहिलटकरीण, सिझर, बाळ पेटीत, आता हे. त्या दुसऱ्या रात्री दूध उतरलं नाही म्हणून ती स्वतःलाच बोल लावत असेल. सिझरनंतर आणि बाळ जवळ नसताना पहिल्या दिवसांत दूध कमी उतरणं नेहमीचं आहे. तिला कुणीतरी आधार देऊन बसवायला हवं होतं, चीक काढून द्यायला मदत करायला हवी होती. ते काम दवाखान्याचं होतं. ती रात्र-रात्र झोपत नसेल, जेवत नसेल, बाळाला घ्यायला नको म्हणत असेल, तर त्याच फेरीत तिच्याबद्दलही डॉक्टरांना सांगा.

आता धाकटी. सख्ख्या बहिणीला गर्भारपणात बीपी वाढलं असेल, तर दुसरीलाही त्याची जोखीम इतरांपेक्षा थोडी जास्त असते, तेव्हा तुमचा प्रश्न योग्य आहे. तिच्या डॉक्टरांना थोरलीची सगळी हकीकत सांगा. दर महिन्याच्या 9 तारखेला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात सरकारी दवाखान्यात मोफत तपासणी होते. तिथे बीपी, लघवीतलं प्रथिन आणि हिमोग्लोबिन बघून घ्या, आणि बाळाच्या वाढीची सोनोग्राफी चुकवू नका. डोकं दुखणं, डोळ्यांपुढे अंधारी, तोंडावर सूज, पोटाच्या वरच्या भागात दुखणं यातलं काही दिसलं तर पुढच्या तारखेची वाट बघायची नाही. बाळ लहान आहे असं कळलं, तर बाळंतपण नवजात अतिदक्षता विभाग असलेल्या ठिकाणीच ठरवा, ते माहेराजवळ असो की सासराजवळ.

आणि भरतीच्या दिवशी, सिझर असो वा नसो, तुम्ही स्वतः सिस्टरांना तीन गोष्टी विचारा. बाळ पुसून लगेच आईच्या उघड्या छातीवर देणार का. पहिल्या तासात अंगावर पाजायला मदत करणार का, आणि ओढत नसेल तर चीक काढून वाटी-चमच्याने देणार का. आणि वजन कमी निघालं तर साखर किती वाजता तपासणार. तिसऱ्याचं उत्तर "लक्षणं दिसली की बघू" असं आलं, तर तिथेच सांगा की आमच्या घरात एका बाळाची 18 झाली होती, दोन तासांनी थेंब घ्या. बाळाला टोपी, मोजे घालून आईच्या अंगाशीच ठेवा, विशेषतः पौष-माघात बाळंतपण आलं तर. दर दोन-तीन तासांनी पाजा, झोपलेलं असलं तरी उठवून. थरथर, रडण्यात जीव नसणं, दूध ओढायचं सोडणं, अंग गार लागणं, डोळे फिरवणं यातलं काही दिसलं तर रात्रीचे दोन वाजलेले असले तरी ड्युटीवरच्या डॉक्टरांना उठवा.